गैरहजेरीचा रकाना

वकीलबाईंनी पेन्सिलीचं टोक शिक्क्यावर टेकवलं आणि विचारलं, "हे कुठले चार दिवस?"

तिनं मान पुढे काढून पाहिलं. पासपोर्ट नवऱ्याचा होता, जुना, मुदत संपल्यावर कोपरा कापून परत मिळालेला. पान मधलंच कुठलं तरी. जांभळ्या शाईचा एक शिक्का, अकरा मार्च, देशाबाहेर. त्याच्या बाजूला जरा तिरका मारलेला दुसरा, पंधरा मार्च, परत आत. वर्ष सहा वर्षांपूर्वीचं. कायमच्या वास्तव्याचा हा अर्ज तिनंच भरला होता, स्वतःचा, नवऱ्याचा आणि लेकीचा, कारण घरात कागद म्हटलं की तिचं नाव निघायचं. गेल्या दहा वर्षांत देशाबाहेर घालवलेले दिवस, ठिकाण आणि कारण, अशा लांबलचक मथळ्याखाली तिघांच्या नावापुढे दोन-दोन नोंदी होत्या, तिघांनी मिळून केलेल्या दोन प्रवासांच्या. तिसरी नोंद नव्हती. दोन वर्षांपूर्वी परवान्याची मुदत वाढवून घेतली तेव्हाही तिनं ह्याच दोन नोंदी लिहून दिल्या होत्या, आणि तेव्हा जुना पासपोर्ट कुणी मागितला नव्हता. "काहीतरी चूक असेल," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला स्वतःचा आवाज परका वाटला. वकीलबाई वयानं तिच्याहून लहान होत्या, पण चष्म्यावरून बघायची सवय त्यांनी लवकर लावून घेतली होती. "चार दिवसांनी काही बिघडत नाही," त्या म्हणाल्या. "राहण्याचे दिवस तुमचे भरतायत. बिघडतं ते आधीच्या अर्जात न लिहिल्यानं. आता लिहायचं, सोबत खुलाशाचं पत्र जोडायचं. कधी गेले, कुठे गेले, कशाला गेले, आणि आधी का सांगितलं नाही. मुख्य अर्जदार तुम्ही, म्हणून पत्र तुमचं, तुमच्या शब्दांत. ते लपवलं असं एकदा ठरलं की पाच वर्षं अर्ज करता येत नाही. तिघांनाही." मग त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं. "मुलीला अठरा कधी पूर्ण होतात?" नऊ फेब्रुवारीला, ती म्हणाली. "म्हणजे एकोणीस दिवस. त्याच्या आत अर्ज आत गेला पाहिजे, नाहीतर ती तुमच्या अर्जातून बाहेर पडते आणि मग तिचं सगळं वेगळं, पहिल्यापासून."

बाहेरच्या खोलीत भिंतीवर प्लॅस्टिकच्या आवरणात एक कागद लावलेला होता, लोक नेहमी विचारतात त्या प्रश्नांचा. इथे यायला लागल्यापासून तिनं तो इतक्यांदा वाचला होता की आता त्यातल्या माणसांशी तिची ओळख झाली होती. नोकरी सुटली तर काय होतं, हा एक घाबरट माणूस. लग्नानंतर नाव बदललं असेल तर, ही नीटनेटकी बाई. अर्ज चालू असताना घटस्फोट झाला तर, हा प्रश्न विचारणाऱ्याचं तिला फार कुतूहल होतं. तो एकटा आला असेल की बायकोला शेजारी बसवून त्यानं तो विचारला असेल. आज पहिल्यांदाच ती एकोणिसाव्या प्रश्नाशी थांबली. अर्जदाराला माहीत नसलेली गोष्ट अर्जात राहून गेली तर? उत्तर एका ओळीचं होतं. ज्या दिवशी कळेल त्या दिवसापासून ती माहीत आहे असं धरलं जाईल. तिनं मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि तिला उगाचच वाटलं की आपल्याला माहीत झाल्याची वेळ कुठेतरी लिहून ठेवायला हवी.

दुसऱ्या कुणी बाईनं घरी जाऊन आधी नवऱ्याला फैलावर घेतलं असतं. तिनं घेतलं नाही. उत्तर मागच्या पानावर बघायचं नाही, ही तिची शाळेपासूनची खोड. शिवाय तिचा धंदाच तसा. गेली वीस वर्षं ती कवळ्या बनवत होती. दवाखान्यांतून तिच्या टेबलावर येतात ते प्लॅस्टरचे जबडे, वर चिकटवलेला नुसता नंबर, नाव नाही, गाव नाही. पण त्या पांढऱ्या हिरड्यांवर बोट फिरवलं की तिला माणूस दिसायला लागायचा. हा डाव्या बाजूनं चावतो. ही झोपेत दात खाते. ह्यानं कुणाला न सांगता बरीच वर्षं दुखणं अंगावर काढलंय. हे खरं की खोटं हे तिला कधीच कळायचं नाही, पण ओळखण्यात मजा होती. आता समोर अकरा ते पंधरा मार्च होते, आणि ते कुणी चावून ठेवलेत ते तिला आधी स्वतः ओळखायचं होतं. हे सांगायलाही तिला लाज वाटली असती, पण त्या दिवशी बसमध्ये बसल्यावर रागाच्याही आधी तिला जे झालं ते कुतूहल होतं. पंचवीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपले, त्याच्या आत चार दिवसांची एक खोली आहे आणि मी तिथे कधी गेलेच नाही.

दिवस तिला आठवत होते. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि त्या मार्चमध्ये कंपनीनं त्याला नव्या बनावटीच्या लिफ्टचं प्रशिक्षण म्हणून दुसऱ्या शहरात पाठवलं होतं. म्हणजे त्यानं तसं सांगितलं होतं. छोटी निळी बॅग. परत आला तेव्हा त्यानं स्वतःचे कपडे स्वतः धुतले, हे तिला तेव्हाही नवल वाटलं होतं, आणि मग तो दुपारपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत झोपला होता. लेकीनं विचारलं, बाबा, नवी लिफ्ट कशी असते, तर म्हणाला, वर जाते आणि खाली येते. तिघं हसले होते. ह्यात दुसरी बाई कुठे बसवायची ते तिला कळेना. तिनं प्रामाणिकपणे प्रयत्न करून पाहिला. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून ग्रीसनं कोपरापर्यंत काळा होणारा हा माणूस, ज्याला बायकोच्या वाढदिवसाला काय घ्यायचं हेही लेकीला विचारावं लागतं, तो विमानानं जाऊन चार दिवसांत प्रेम उरकून परत येईल, हे चित्र तिला पटेना. जुगार? त्याला पत्ते पिसता येत नाहीत. दुसऱ्या देशात नोकरीची मुलाखत? मग तो तिला सांगून गेला असता, तिला विचारल्याशिवाय तो मोजेसुद्धा विकत घेत नाही. आणि सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे तो जुना पासपोर्ट. वकीलबाईंनी दहा वर्षांचे पासपोर्ट मागितले तेव्हा तिनं घरात शोधलं, तर त्याचा सापडला नव्हता. हरवला असेल म्हणाला असता तर हरवल्याचा एक अर्ज करून भागलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो फायलीत होता, तिच्या पासपोर्टच्या खाली, नीट. त्यानंच ठेवला होता. ज्याला लपवायचं आहे त्यानं आपणहून आणून ठेवला होता, आणि काही बोलला नव्हता.

संध्याकाळी जेवताना तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानंही पाहिलं. "वकीलबाई काय म्हणाल्या?" त्यानं विचारलं. "एक रकाना राहिलाय," ती म्हणाली. तो पाणी प्यायला. लेक मधेच म्हणाली, "माझं काय? मी अजून मोजली जातेय ना? लोकांना म्हातारपणी यादीतून काढतात, मला अठराव्या वर्षीच काढायला निघालेत." लेक सहा वर्षांची असताना ते इथे आले होते, आता तिला तिकडचे रस्ते आठवत नव्हते आणि इकडचे कायदे तिला आपलं म्हणत नव्हते. ती विनोद करायची तेव्हा तिची मान जराशी ताठ व्हायची. लेकीची ती मान पाहून तिनं मनात पुन्हा एकोणीस दिवस मोजले. कोडं सोडवायला तिला हवा तेवढा वेळ नव्हता.

तिसऱ्या दिवशी लॅबमध्ये ती मेणात दात बसवत होती. हे काम करताना तिचे हात त्यांचे ते चालायचे आणि डोकं मोकळं सुटायचं. अर्जाचं एक पान तिनं सोबत आणलं होतं, आईवडिलांच्या माहितीचं. जेवणाच्या सुट्टीत तपासून घ्यायचं होतं. वडील, जन्मतारीख, हयात नाही, मृत्यूची तारीख सोळा मार्च. ते पान मेणाच्या वडीशेजारी पडलं होतं. सोळा मार्च, आणि वर्ष सहा वर्षांपूर्वीचं. तिनं ते स्वतः लिहिलं होतं, आणि तरी पंधराच्या पुढे सोळा येतात हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण बाबांचा सोळा मार्च तिच्या मनात सगळ्या मार्चांपासून वेगळा काढून ठेवलेला होता. त्या सकाळी दादाचा फोन आला. बाबा आज पहाटे गेले, झोपेत, काही त्रास झाला नाही. तेव्हा तिचा पहिला परवाना बदलून घेण्याचा अर्ज सरकारी टेबलावर पडून होता, आणि तो निकाली निघेपर्यंत तिनं देशाबाहेर पाऊल टाकलं असतं तर अर्ज सोडून दिला असं धरलं गेलं असतं. नवऱ्याचा परवाना कंपनीचा, निराळा, त्याच्यावर असलं बंधन नव्हतं. दादा म्हणाला होता, तू येऊ नकोस, येऊन आता काय करणार, सगळं उरकलं. सगळं उरकलं. आज पहाटे गेलेल्या माणसाचं सकाळी सगळं कसं उरकलं, हे तिनं सहा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. आणि मग तिला खुर्ची आठवली. ती खुर्ची तिला अधूनमधून आठवायचीच, उगाच, भांडी घासताना, बसची वाट बघताना, आणि का आठवते ते कळायचं नाही. सोळा मार्चच्या सकाळी नवरा कामावर गेला नव्हता. कपडे करून तो फोनजवळ उभा होता. त्यानं जेवणाच्या टेबलाखालची खुर्ची ओढली, तिच्याकडे बघून म्हणाला, "बस जरा." ती म्हणाली, "कशाला?" आणि मग फोन वाजला.

फोन वाजायच्या आधी त्यानं खुर्ची ओढली होती.

तिच्या हातातला वरचा सुळा मेणात तिरका बसला होता. तिनं तो काढला, मेण पुन्हा तापवलं, सरळ बसवला. समोरच्या टेबलावरच्या पॉलिशवाल्यानं विचारलं, "बरं नाही का वाटत?" ती म्हणाली, "ओळखलं मी." "काय?" "काही नाही," ती म्हणाली. तिला खरंच क्षणभर शाळेतल्यासारखा आनंद झाला होता, उत्तर बरोबर आल्याचा, आणि तो ओसरल्यावर मागे जे उरलं त्याला काय म्हणायचं ते तिला कळेना. मग तिला बाबांची कवळी आठवली. शेवटच्या भेटीत तिनं स्वतः त्यांच्या तोंडाचं माप घेतलं होतं. खुर्चीत मान मागे टाकून, आ वासून, दोन्ही हात मांडीवर ठेवून ते परीक्षेला बसल्यासारखे बसले होते. इकडे येऊन तिनं ती कवळी बनवली, आयुष्यात दुसऱ्या कुणाची इतकी मन लावून बनवली नसेल, आणि पार्सलनं पाठवली. पुढचे आठ महिने दर रविवारी फोनवर ती विचारायची, कशी बसते? छान बसते, ते म्हणायचे. कुठे टोचते का? मुळीच नाही. तिला ते खरं वाटलं नव्हतं. नवी कवळी पहिल्या महिन्यात टोचत नाही असं होत नाही. डब्यात पडून असेल, असं तिनं मनात धरून टाकलं होतं, आणि ते गेल्यावर दादाला विचारलं तर तो म्हणाला, असेल कुठेतरी, बघतो. तिनं पुन्हा विचारलं नाही.

रविवारी सकाळी लेक मैत्रिणीकडे गेली होती. नवरा स्वयंपाकघरात नळाचा वॉशर बदलत ओट्याखाली आडवा झाला होता, नुसते पाय बाहेर. असल्या गोष्टी तोंड न दिसता विचारलेल्याच बऱ्या. ती म्हणाली, "बाबा कुठल्या दिवशी गेले रे?"

ओट्याखालचा पाना थांबला. मग आवाज आला, "तेरा."

"तू होतास?"

"बाराला पोचलो. दादाचा फोन आला होता दहाला, हॉस्पिटलमध्ये ठेवलंय म्हणून. तेराला पहाटे गेले. चौदाला निघालो."

"मग सोळाला का कळवलं?"

"तू घरात एकटी असताना फोन यायला नको होता," तो म्हणाला. "मी पोचेपर्यंत थांब म्हटलं दादाला. पंधराला आलो तर माझ्याच्यानं बोलवेना. झोपून गेलो. मग सोळा झाले." तो सरकत बाहेर आला, पाठीला पाणी लागलेलं, आणि फरशीवरच भिंतीला टेकून बसला. तीही त्याच्यासमोर खाली बसली. तिच्याकडे प्रश्न इतके होते की तिनं ते वकीलबाईंसारखे एकेक करून विचारले. ते शुद्धीवर होते का? होते, बाराला संध्याकाळपर्यंत चांगलेच. तुला ओळखलं? ओळखलं, म्हणाले, लिफ्टवाले, तुम्ही कशाला आलात. दुखत होतं का? श्वास लागत होता. खोलीला खिडकी होती? होती, पलीकडे पाण्याची टाकी दिसायची. माझं नाव काढलं? ह्यावर त्यानं ओले हात पँटीला पुसले.

"आम्ही म्हणत होतो तुला सांगू या," तो म्हणाला. "दादा फोन लावतच होता. बाबांनी हातानं थांबवलं. कवळी काढून ठेवलेली होती, नर्सनं डबीत ठेवली होती, उशाशी. ती मागितली त्यांनी. मी धुऊन दिली. तोंडात बसवली स्वतःच्या हातानं, दोनदा दाबून नीट केली, आणि मग म्हणाले, तिला कळवू नका. ती उठून येईल. तिचा कागद जाईल." मग म्हणाला, "अगदी स्पष्ट म्हणाले. बोलून झाल्यावर पुन्हा काढून दिली."

ती फरशीकडे बघत राहिली. नळातून सुटलेलं थोडं पाणी तिच्या पायापर्यंत आलं होतं. तिनं केलेले दात तोंडात घालून त्यांनी तिला न बोलावण्याचं सांगितलं होतं. हसावं की ओरडावं असा प्रश्न तिला खरोखर पडला. "आणि तुम्ही ऐकलंत," ती म्हणाली. "तिघांनी मिळून ठरवलंत. मी अडतीस वर्षांची होते तेव्हा."

"सांगितलं असतं तर गेली असतीस."

"गेले असते."

"अर्ज गेला असता. मग आपण कुठले इथे."

"हो," ती म्हणाली. "पण ते मी गमावलं असतं. तुम्ही मला गमवायलाही दिलं नाहीत." तिला राग आला होता, मनापासून, आणि त्याच वेळी ह्या माणसानं दोन रात्री विमानात बसून तिच्या बापाच्या उशाशी शेवटची रात्र काढली होती हेही तिला दिसत होतं. ह्यातलं एक दुसऱ्यानं पुसलं जात नव्हतं. त्यानं तिचं जाणं चुकवलं म्हणावं तर त्यानं तिच्याऐवजी सगळं केलं होतं, आणि त्यानं केलं म्हणावं तर ते तिचं होतं. "पासपोर्ट फायलीत का ठेवलास?" तिनं विचारलं. "हरवला म्हणाला असतास तर चाललं असतं."

"सहा वर्षं सांगायचं सांगायचं म्हणतोय," तो म्हणाला. "तोंडानं जमेना." मग तो उठला, हत्यारांची पेटी ओढली, वरचा कप्पा उचलला, आणि खालून स्क्रूंच्या डब्यांमधून एक पांढरी प्लॅस्टिकची डबी काढून तिच्या हातात दिली. "दादा म्हणाला, हिचं काय करायचं. मी म्हटलं मी नेतो. टाकवली नाही. देताही येईना."

तिनं डबी तिथे उघडली नाही. खिडकीपाशी गेली, उजेडात, आणि चष्मा लावून मग उघडली. कवळी कोरडी पडली होती, हिरडीचा गुलाबी रंग जरा फिका झाला होता. मागच्या कडेला तिनं बारीक अक्षरात घातलेला नंबर होता; नंबर म्हणून तिनं स्वतःची जन्मतारीख घातली होती, ते कुणाला माहीत नव्हतं. तिनं ती उलटी धरली आणि दाढा बघितल्या. आणि बघतच राहिली. डाव्या बाजूच्या दोन दाढा झिजल्या होत्या, उंचवटे गुळगुळीत होऊन खाली बसलेले. आठ महिन्यांत अशी झीज नुसती तोंडात ठेवून होत नाही. ते हिच्यानं जेवत होते, रोज, दोन्ही वेळा, डाव्या बाजूनं. तिनं अंगठा कडेवरून फिरवला, आणि उजव्या बाजूला, आतल्या अंगाला, अंगठा अडला. तिथे ओरखडे होते, एकाच दिशेचे, जवळजवळ. तिनं केलेलं काम ते नव्हतं. कुणीतरी खरखरीत कागदानं, नाहीतर नखाच्या कानशीनं, तिथली कड घासून खाली उतरवली होती, हळूहळू, भीतभीत, एक कण जास्त जाऊ नये अशा बेतानं. टोचत होती. त्यांना तिथे टोचत होती, म्हणून ते उजवीकडून चावत नव्हते, आणि रविवारी मुळीच नाही म्हणून फोन ठेवल्यावर ते खिडकीत बसून ती स्वतः घासत असणार. हे ओळखायला तिला शिक्का लागला नाही. माणूस तिच्या हातात होता. "काय दिसलं?" नवऱ्यानं मागून विचारलं. "जेवत होते हिच्यानं," ती म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आलं, सहा वर्षं उशिरा आलेलं, आणि तिनं ते थांबवलं नाही.

पत्र लिहायला तिला नऊ दिवस लागले. दिवसा लॅब, संध्याकाळी स्वयंपाक, आणि जेवणाच्या टेबलावर ते कोरं पान. नवरा तारखा सांगायचा, विमानांचे नंबर त्यानं कुठून तरी शोधून काढले, दादानं फोनवर रडत रडत मृत्यूचा दाखला पाठवतो म्हणून सांगितलं आणि पाठवलाही. त्या दाखल्यावर तेरा होते, पहाटे चार वाजून दहा मिनिटं. तिनं आईवडिलांच्या पानावरचे सोळा खोडून तेरा केले, तेव्हा तिला वाटलं की सोळा मार्चला आपण दादाला फोन करायचो आणि तो दोन मिनिटं गप्प बसायचा, ती त्याची दोन मिनिटं आता कुठे ठेवायची. लेकीला त्यांनी सगळं सांगितलं. लेक ऐकून घेतल्यावर म्हणाली, "म्हणजे बाबांनी मला नव्या लिफ्टबद्दल खोटं सांगितलं," आणि बापाशेजारी जाऊन बसली. नवऱ्याशी ती बोलत होती, नळ गळतोय, भाजी संपली, वगैरे. एकदा तो म्हणाला, "चुकलं माझं." ती म्हणाली, "चुकलं, आणि बरं झालं तू गेलास." दोन्ही एकाच वाक्यात बोलल्यावर तिला जरा हलकं वाटलं. पत्रात मात्र हे कसं घालायचं ते सुचत नव्हतं. खुलासा म्हणजे गोष्ट नाही, असं वकीलबाई म्हणाल्या होत्या, तारखा, कारण, दिलगिरी, सही. तिनं तसंच लिहिलं. शेवटी एक वाक्य राहिलं होतं. ते तिनं सगळ्यांत उशिरा लिहिलं, आणि लिहिल्यावर पुन्हा वाचलं नाही.

अर्ज द्यायला चार दिवस उरले असताना ती पुन्हा त्या खुर्चीत बसली. वकीलबाईंनी पत्र पेन्सिल हातात धरून वाचलं. मधे एकदा त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि पुन्हा वाचायला घेतलं. शेवटच्या ओळीपाशी पेन्सिल थांबली. "हे वाक्य," त्या म्हणाल्या, आणि मोठ्यानं वाचलं. "मला सांगितलं असतं तर मी गेले असते." त्यांनी वर पाहिलं. "ह्याची गरज नाही. ह्यानं अर्ज फेटाळला जाणार नाही, पण वाचणारा अधिकारी म्हणेल, ह्या बाईला राहायचंय इथे की नाही? तुम्हाला माहीत नव्हतं, एवढंच पुरेसं आहे. जे गरजेचं नसतं ते मी खोडते."

"राहू दे," ती म्हणाली.

"मुलीचं आहे ह्यात."

"माहीत आहे. पण तुम्हीच म्हणालात ना, अर्जदाराच्या शब्दांत. बाकी सगळं नवऱ्यानं सांगितलेलं आहे, दाखल्यावरून उतरवलेलं आहे. माझं एवढंच आहे." तिनं पान आपल्याकडे ओढलं आणि त्या वाक्याखाली सही केली. वकीलबाईंनी पत्र फायलीत लावलं, नवऱ्याच्या नावापुढे तिसरी नोंद केली, अकरा ते पंधरा मार्च, ठिकाण, आणि कारण ह्या शब्दाखाली, सासऱ्यांचा अंत्यकाळ. फाईल बांधता बांधता त्यांनी सवयीनं विचारलं, "अजून काही प्रश्न?"

इतक्या महिन्यांत तिनं त्यांना स्वतःचा असा एकही प्रश्न विचारला नव्हता. भिंतीवरचे वाचून ती परत जायची. "अर्ज दिल्यावर," ती म्हणाली, "बाहेर जाऊन आलं तर चालतं का? की ह्या वेळेलाही सोडून दिला असं धरतात?"

"ह्या अर्जाला तसं नाही. चालू परवाना आहे तुमच्याकडे, जाऊन या. फक्त नोंद ठेवायची." रकान्याचं पान अजून बाहेरच होतं. वकीलबाईंनी पेन्सिल उचलली, तिच्या नावापुढच्या पहिल्या रिकाम्या ओळीवर टेकवली. "किती दिवस?"

"चार."

"कधी?"

"मार्चमध्ये," ती म्हणाली. "तेरा तारखेला मी तिथे असेन."